इकडची मंडळी, तिकडची मंडळी

एका संगणकातली फाइल दुसऱ्या संगणकात न्यायची, काम एवढंच. त्यासाठी जे चित्रमय प्रोग्रॅम मिळतात त्यांतला बहुतेक कुठलाही उघडा, पडद्याचे उभे दोन भाग झालेले दिसतील. डावीकडे आपण, उजवीकडे ते. वरच्या पट्टीत यजमानाचा पत्ता, आपलं नाव, पासवर्ड आणि पोर्ट असे चार रकाने. तळाला फायलींची रांग. आणि मध्येच एका अरुंद चौकटीत, बारीक अक्षरांत, कुणीतरी कुणाशी तरी अखंड बोलत असतं. ते वाचायचं नसतं, असं जाणकार सांगतात. मी ते वाचतो.

ते वाचूनच माझी खात्री पटली आहे की हा प्रोग्रॅम म्हणजे लग्नाची बैठक आहे. इकडची मंडळी, तिकडची मंडळी, मध्ये मध्यस्थ. आधी ओळखपाळख, मग याद्या, मग देणंघेणं, शेवटी निरोप. यातला क्रम जरा चुकला की बैठक फिसकटते आणि चूक कुणाची, हे दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत कळत नाही.

या बैठकीचे रीतिरिवाज घालून दिले ते एका अलाहाबादच्या माणसाने. अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या तुकडीतले. पुढे अमेरिकेत एमआयटीत शिकत असताना एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉलचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला. आरएफसी ११४ या नावाने तो आजही वाचायला मिळतो. तेव्हा इंटरनेट जन्मायचं होतं, अर्पानेट होतं, आणि त्याला जोडलेल्या संगणकांची नावं एका कागदावर सहज मावत. पुढे ऑक्टोबर १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी आरएफसी ९५९ लिहून सगळे नियम नीट लावून दिले. पण मूळ हात आपल्याकडचा. म्हणूनच की काय, एफटीपीत कामापेक्षा मानपान जास्त आहे.

एक उदाहरण देतो. तिकडच्या संगणकाचं प्रत्येक उत्तर तीन आकडी क्रमांकाने सुरू होतं. पहिला आकडा १ असला तर ‘जरा थांबा, आणतोय.’ २ असला तर ‘झालं.’ ३ असला तर ‘इथवर ठीक, पुढे बोला.’ ४ म्हणजे ‘सध्या जमत नाही, नंतर बघा.’ आणि ५ म्हणजे ‘पत्रिका जुळत नाही.’ आता ४ आणि ५ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ‘पाहू, कळवतो’ म्हणणाऱ्यांकडे पुन्हा एकदा फोन करता येतो. पत्रिकेचं कारण आलं की विषय संपला.

त्यातही ५५० हा क्रमांक पोचलेला. फाइल तिथे नसली तरी ५५०, आणि फाइल आहे पण तुम्हाला द्यायची नाही, तरी ५५०. नेमकं कुठलं ते पुढच्या शब्दांत सांगायचं असतं, पण ते सांगणं न सांगणं यजमानाच्या मर्जीवर. ५३० त्याच घराण्यातला. नाव चुकलं की पासवर्ड चुकला, हे तो बहुधा सांगत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे म्हणतात. असेल. आमच्याकडे मुलीला नकार देणारेही असंच म्हणायचे.

आता बैठकीचं बोलणं. मी ते मराठीत ऐकतो ते असं:

“२२०. या, या. बसा.”

“मी अमुक अमुक.”

“३३१. नाव ऐकून आहोत. पासवर्ड?”

“हा घ्या.”

“२३०. आता आपलंच घर समजा.”

“मग याद्या करून टाकू या?”

“१५०. आणतो.” मग थोडी शांतता. “२२६. झाली यादी.”

आणि मग उजवीकडच्या रिकाम्या अर्ध्या पडद्यावर त्यांच्या घरातले सगळे कप्पे एकदम उघडे पडतात. पाहुण्यांसमोर कपाट उघडं राहिल्यावर होतं तसं थोडं अवघडायला होतं. त्यात ‘टेस्ट’, ‘टेस्ट २’, ‘जुनं’, ‘जुनं डिलीट करू नये’ अशा नावांचे कप्पे दिसतात. प्रत्येक घरात ते असतातच. ‘जुनं डिलीट करू नये’ मध्ये काय आहे ते त्या कार्यालयातल्या कुणालाही माहीत नसतं आणि म्हणूनच ते कुणी डिलीट करत नाही.

बोलणी मध्येच थंडावली तर? फार वेळ कुणी काही बोललं नाही तर तिकडची मंडळी ४२१ म्हणून उठून जातात. त्यावर एफटीपीत एक गोड सोय आहे. नूप नावाची एक आज्ञा आहे. तिचा अर्थ काहीही करू नका. प्रोग्रॅम अधूनमधून तिकडे “नूप” म्हणतो, तिकडून उत्तर येतं “२००, बरं.” बस. याने एक अक्षरही इकडचं तिकडे होत नाही. पण बैठक मोडत नाही. दोन व्याह्यांमधलं “बाकी, यंदा पाऊसपाणी काय म्हणतोय?” हे नियमावलीत आकड्यासकट बसवणाऱ्याला माणसांची जाण होती, एवढं नक्की.

खरी गंमत मात्र दारांची आहे. एफटीपीत बोलणी एका वाटेने होतात आणि सामान दुसऱ्या वाटेने जातं. बोलण्याचं दार २१ नंबरचं, ते ठरलेलं. सामानाचं दार दर वेळी नव्याने ठरतं. जुनी रीत अशी की आपण तिकडच्यांना सांगायचं, “आमच्या अमुक नंबरच्या दाराशी सामान घेऊन या.” मग ते आपल्या २० नंबरच्या दारातून निघून यायचे. सुरुवातीच्या काळात हे शोभत होतं. दारं सगळ्यांचीच उघडी होती. पुढे प्रत्येकाने दाराशी फायरवॉल नावाचा वॉचमन नेमला. वॉचमनचा बाणा एकच. आतला माणूस बाहेर गेला तर जाऊ द्यायचं, बाहेरचा कुणी न सांगता आला तर हाकलायचं. मग व्हायचं असं की ओळख झाली, नाव झालं, पासवर्ड झाला, “आपलंच घर समजा” झालं, याद्या मागितल्या, आणि सामान घेऊन आलेल्या माणसाला आपल्याच वॉचमनने गेटवरून परत पाठवलं. आत आपण वाट बघतोय, बाहेर तो चिडून गेलाय, आणि पडद्यावर येतं, ‘यादी मिळवता आली नाही.’

तोडगा काय निघाला? तिकडच्यांनी दार सांगायचं आणि आपण स्वतः तिथे जायचं. याला पॅसिव्ह मोड म्हणतात आणि आता बहुतेक प्रोग्रॅम आपणहून तोच धरतात. थोडक्यात, मुलीकडच्यांनीच जायचं. इतकं तंत्रज्ञान झालं, इतके वॉचमन नेमले, आणि निर्णय तोच.

मध्यस्थाचंही सांगायला हवं. पूर्वी फाइल पाठवताना ती मजकुराची आहे की इतर कशाची हे आधी सांगावं लागे. कारण ओळ कुठे संपते याची खूण विंडोजमध्ये दोन चिन्हांची असते आणि युनिक्समध्ये एका चिन्हाची. मजकूर आहे म्हटलं की मध्यस्थ वाटेत ती खूण तिकडच्या रिवाजाप्रमाणे सुधारून द्यायचा. पत्र असलं तर उत्तमच. पण त्याला कुणी चुकून फोटो दिला, तर तो त्या फोटोतही ओळी शोधून त्या सुधारायचा. तिकडे पोचलेला फोटो मग उघडतच नसे. मुलगी ‘जरा हट्टी आहे’ हे वाक्य ‘स्वतंत्र विचारांची आहे’ असं करून पोचवणारे मध्यस्थ मी पाहिलेत. काही ठिकाणी ते खपतं. काही ठिकाणी पुढची तीस वर्षं निस्तरावं लागतं.

हे सगळं पूर्वी काळ्या पडद्यावर टाइप करून चाले. गेट, पुट, बाय असे तुसडे शब्द टाकायचे. दोन भागांचा पडदा लोकांच्या हाती खऱ्या अर्थाने दिला तो १९८६ मध्ये जॉन सोचा यांच्या नॉर्टन कमांडरने, तोही एकाच संगणकातल्या फायली हलवायला. निळा पडदा, दोन याद्या शेजारीशेजारी. ज्यांनी तो वापरलाय त्यांच्या डोळ्यांत अजून पाणी येतं. पुढे खिडक्या आल्या, माउस आला, आणि एफटीपीवाल्यांनी तीच मांडणी उचलली. फाइलझिला आलं ते जानेवारी २००१ मध्ये. टिम कॉसे आणि त्याच्या दोन वर्गमित्रांनी ते कॉलेजचा प्रकल्प म्हणून सुरू केलं. हे विकायचं की फुकट वाटायचं यावर त्यांनी आधीच चर्चा केली. बाजारात असे प्रोग्रॅम इतके आहेत की आपली एकही प्रत खपणार नाही, असं त्यांचं मत पडलं, म्हणून ते फुकट आणि खुलं ठेवलं. आमच्या परिचयातल्या किती कवींनी पहिल्या संग्रहाआधी हा हिशोब केला असता तर! पण फाइलझिला जगभर पसरलं. विनएससीपी नावाचा दुसरा एक प्रोग्रॅम चेक देशातल्या मार्टिन प्रझिक्रिल यांचा. मॅकवाल्यांकडे सायबरडक आहे, त्याचं चिन्ह पिवळं बदक. त्याआधी १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी फायली न्यायची जी पद्धत काढली तिला तर टीव्हीवरच्या बाहुल्यांमधल्या बेडकाचं नाव दिलं, कर्मिट. बेडूक, बदक आणि गॉडझिलाच्या भावकीतलं वाटावं असं काहीतरी. या सगळ्यांच्या हाती आपण आपले करारनामे, पगारपत्रकं आणि एक्सरे सोपवतो.

आगंतुकांचीही सोय आहे. जुन्या काळी विद्यापीठांचे संगणक कुणालाही आत घेत. नावाच्या जागी ‘अनॉनिमस’ म्हणजे निनावी असं लिहायचं आणि पासवर्डच्या जागी शिष्टाचार म्हणून आपला ईमेल पत्ता. तो खरा आहे का हे सहसा कुणी बघत नसे. मंगल कार्यालयाच्या दाराशी “कुणाकडून?” असं विचारल्यावर “मुलाकडून” म्हणून थेट पंगतीत बसता येतं, त्यातलाच प्रकार. आता तेही दिवस संपत आले. २०२१ मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनीही आपापल्या ब्राउझरमधून एफटीपीला निरोप दिला. तेव्हापासून ज्याला जायचं असेल त्याला सहसा असा वेगळा प्रोग्रॅम घेऊन जावं लागतं.

निरोप द्यायचं कारण पासवर्ड. साध्या एफटीपीत तुमचा पासवर्ड तारेवरून उघडानागडा जातो. पडद्यावर मात्र त्या जागी टपोऱ्या ताऱ्यांची ओळ दिसते. म्हणजे जो तुमच्या खांद्यामागे उभा आहे, म्हणजे बहुतेक वेळा बायको, तिच्यापासून पासवर्ड लपतो, आणि वाटेत कान लावून बसलेल्या परक्या चोराला स्पष्ट ऐकू येतो. ही व्यवस्था वीसेक वर्षं बिनबोभाट चालली. मग १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी असे ढीगभर पासवर्ड टिपून नेले. तिथल्या टाटू इलोनेन यांनी वैतागून एसएसएच लिहिलं, ज्यात सगळं बोलणं कुलपात होतं. त्याला त्यांनी २२ नंबरचं दार मागून घेतलं, कारण एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधला तो मोकळा होता. शेजार चांगला बघून घर घेणारे आपण एकटेच नाही.

या कुलूपबंद पद्धतीत पहिल्यांदा जाताना एक पाटी येते. तिचा आशय असा की समोरचा संगणक तुम्ही समजता तोच आहे याची काहीही हमी नाही, खाली त्याच्या बोटांचा ठसा दिलाय, तो ताडून पाहा आणि मग पुढे जा. ठसा म्हणजे चाळीस-पन्नास अक्षरांची अर्थहीन माळ. स्थळाची चौकशी करायची ही एकमेव संधी. मी आजवर एकही माणूस पाहिला नाही ज्याने तो ठसा ताडून पाहिला. घर, गोत्र, आजोबांचा मधुमेह यांची तीन जिल्ह्यांत चौकशी करणारी आपली माणसं इथे ‘ओके’ दाबून मोकळी होतात.

आमचा एक छोटा दिवाळी अंक आहे. संपादक काका, मजकूर लावणाऱ्या डीटीपीच्या बाई, आणि काकांना संगणकातलं काही अडलं की बोलावण्यापुरता मी. काकांचं घर सदाशिव पेठेत, प्रेस गावाबाहेर. प्रेसवाल्यांनी एका वर्षी सांगितलं की आता पेनड्राइव्ह नको, आमच्या सर्व्हरवर टाका. काकांना ही कल्पना फार आवडली. “म्हणजे मला पेट्रोल नको,” ते म्हणाले. मग मी त्यांना तो दोन भागांचा पडदा उघडून दिला.

“यात आपलं कुठलं?”

“डावीकडचं. उजवीकडे प्रेस.”

“प्रेस पश्चिमेला आहे रे.”

“पडद्यावर उजवीकडे, काका.”

“बरं. म्हणजे इकडून उचलायचं आणि तिकडे टाकायचं. सोपं आहे.”

सोपं कसं असेल? माउसने उचलून टाकणं हे माणसाच्या अंगात नाही. विंडोजमध्येच बघा, एकाच ड्राइव्हमध्ये फाइल ओढली तर ती मूळ जागेवरून उठून जाते, आणि दुसऱ्या ड्राइव्हवर ओढली तर इथेही राहते, तिथेही जाते. यामागचं कारण कुणीतरी मोठ्या बुद्धिमान माणसाने ठरवलं असणार. पण सामान्य माणूस फाइल ओढतो आणि नंतर सगळ्या घरात शोधत बसतो.

काकांनी कव्हर ओढलं. मात्र उजवीकडून डावीकडे. प्रेसच्या कप्प्यात मागच्या वर्षीचं कव्हर त्याच नावाने पडलेलं होतं, ते इकडे निघालं. प्रोग्रॅम सज्जन. त्याने विचारलं की या नावाची फाइल इथे आधीच आहे, काय करू? खाली पर्याय. जुनी पुसून टाकू, नवी असेल तरच पुसू, आकार वेगळा असेल तरच पुसू, अर्धवट राहिलेलं पुढे चालू करू, नाव बदलून ठेवू, की सोडून देऊ. काकांनी सगळे पर्याय मोठ्याने वाचले.

“यात ‘घरी विचारून सांगतो’ नाही का?”

“नाही.”

“मग पहिलाच दाबतो. उगाच पाहुण्यांशी वाद नको.”

अशा रीतीने यंदाच्या कव्हरवर मागच्या वर्षीची नटी येऊन बसली. डीटीपीच्या बाईंकडे मूळ फाइल होती म्हणून अंक वाचला. बाईंकडे नेहमीच मूळ फाइल असते. महाराष्ट्रातलं अर्धं साहित्य अशा बाईंच्या संगणकात सुखरूप आहे आणि त्यांचं नाव श्रेयनामावलीत सगळ्यात खाली, तेही बारीक टायपात, असतं.

‘नवी असेल तरच’ या पर्यायावर भरवसा ठेवणाऱ्यांनी जपून असावं. तिकडच्या संगणकाचं घड्याळ बहुधा ग्रिनिच वेळेवर चालतं, आपलं साडेपाच तास पुढे. एफटीपीची जुनी यादी वेळ सांगते, पण कुठली वेळ ते सांगत नाही. त्यामुळे सकाळी आठ वाजता तिकडे पोचलेली ताजी फाइल त्यांच्या वहीत पहाटे अडीचची ठरू शकते, आणि आपल्याकडची त्याच सकाळची जुनी फाइल तिच्यापेक्षा नवी. मुहूर्तावरून वाद होणं आपल्याला नवं नाही, फक्त इथे भटजी दोन्हीकडचे वेगळे आहेत.

आणि नावं! फायलीला मराठी नाव द्यायचं नाही हा डीटीपीतला पहिला धडा. एफटीपीत जगातल्या सगळ्या लिप्या चालाव्यात म्हणून १९९९ मध्ये आरएफसी २६४० निघाला खरा, पण तो सगळ्यांनी वाचलेला नाही. ‘मुखपृष्ठ’ नावाची फाइल तिकडे पोचते तेव्हा प्रश्नचिन्हांची रांग होते. म्हणून मराठी भाषेच्या अभिमानावरचा विशेषांकसुद्धा रोमन लिपीतल्या नावांनी प्रवास करतो. कव्हर_फायनल, मग कव्हर_फायनल_न्यू, मग कव्हर_फायनल_न्यू_करेक्टेड, आणि शेवटच्या रात्री कव्हर_हेच_घ्या. त्यात प्रेसचा संगणक युनिक्सच्या घराण्यातला असला तर कव्हरचा पहिला ‘सी’ मोठा की लहान यावरून त्या दोन वेगळ्या व्यक्ती होतात. एका अंकाची दोन मुखपृष्ठं शेजारीशेजारी नांदतात आणि छापायला जातं ते तिसरंच.

फाइल आत उघडल्यावरचा प्रश्न याहून जुना आहे. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या काळातला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकात उघडला की मराठी कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि डॉलरच्या चिन्हांचा सडा पडतो. (काही कवितांचं त्याने नुकसान झालं नाही, हा भाग वेगळा.) म्हणून प्रेसवाले विचारतात, “कर्व्ह केलंय ना?” म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकलीत ना. एकदा कर्व्ह केलं की शुद्धलेखनाची चूक देवालाही दुरुस्त करता येत नाही. ती नेमकी कर्व्ह केल्यावरच दिसते.

फायली निघाल्या की काम उरतं ते हिरवी पट्टी बघत बसायचं. ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकाने १९८५ मध्ये या पट्ट्यांवर निबंध लिहिला. काम किती टक्के झालं हे दाखवणारी पट्टी असली की वाट बघणाऱ्याला बरं वाटतं, असं त्याचं निरीक्षण. बरं वाटतं हे खरं. पट्टी खरं बोलते असं कुठे तो म्हणाला? उरलेला वेळ ती मागच्या काही क्षणांच्या वेगावरून काढते. त्यामुळे ‘तीन मिनिटं’ म्हणता म्हणता शेजारच्या खोलीत कुणीतरी मालिका लावतं आणि आकडा एक तास वीस मिनिटांवर जातो. काका त्या आकड्यांकडे मॅच बघावी तसे बघतात. “पडला, पडला, दोन मिनिटांवर आला! अरेरे, परत चढला.”

त्यातून फायली लहान आणि पुष्कळ असल्या तर बघायलाच नको. एक जाडजूड फाइल झपाट्याने जाते, पण तेवढ्याच वजनाच्या दोन हजार चिल्लर फायली जाता जात नाहीत. कारण प्रत्येकीसाठी सामानाचं दार नव्याने ठरतं, १५० होतं, २२६ होतं. दोन हजार पाहुण्यांना एकेकाला टॉवेल-टोपी देऊन कुंकू लावायचं असेल तर मुहूर्त टळणारच. शहाणे लोक सगळ्यांना झिप नावाच्या एकाच बसमध्ये बसवून धाडतात.

वेगाचंही एक राजकारण आहे. इंटरनेटची कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, प्रोग्रॅम मेगाबाइटमध्ये दाखवतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे ४० चं कनेक्शन घेतलेल्या गृहस्थाला पडद्यावर फार तर ५ दिसतात. सदाशिव पेठेत हे खपवून घेतलं जात नाही. काकांनी फोन करून उरलेले ३५ मागितले. शिवाय पूर्वीच्या टेलिफोनच्या तारेवरच्या कनेक्शनमध्ये घरी येण्याचा रस्ता रुंद आणि घरातून बाहेर जाण्याचा बोळ. कंपन्यांनी गृहीतच धरलं होतं की सामान्य माणूस जगाकडून घेणार फार आणि जगाला देणार थोडं. दिवाळी अंकाच्या संपादकाला हा अपमान वाटणं स्वाभाविक आहे.

त्यावर काकांनी काढलेला हिशोब मात्र बिनतोड होता. ३२ गीगाबाइटचा पेनड्राइव्ह खिशात घालून स्कूटरवरून प्रेसला जायला चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे २५६ गीगाबिट भागिले २४०० सेकंद. वेग पडतो सेकंदाला सुमारे १०७ मेगाबिट. सिंहगड रस्त्यावर कोंडी असेल तर निम्मा. “निम्मा धरला तरी तुझ्या त्या तारेपेक्षा माझी स्कूटर पुढे आहे,” काका म्हणाले, “आणि स्कूटरला पासवर्ड लागत नाही.” स्कूटरच्या बाजूने आणखी एक मुद्दा त्यांनी मांडला नाही, तो मी मांडतो. प्रेसमध्ये समोर उभं राहिलं की कव्हर आधी छापलं जातं.

तरी फायली गेल्या. तळाच्या रांगेतल्या एकेक फाइलने बूड उचललं, ‘पोचलेल्या’ या कप्प्यात जाऊन बसली. त्या अरुंद चौकटीत २२६ आला, मग २२१, म्हणजे ‘या पुन्हा.’ अभय भूषण, पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांच्या हिशोबाने कार्य पार पडलं. तिकडे गेलेला एकेक बाइट मोजून झाला होता. मी संगणक बंद करायला लागलो.

“थांब,” काका म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

“काका, गेलंय ते. बघा, इथे लिहिलंय.”

“ते त्यांच्या संगणकाने सांगितलं. माणसाने कुठे सांगितलंय?” एवढ्यात पलीकडून कुणीतरी उचलला. “हॅलो, मी अंकाचा संपादक. आपल्याला फायली पाठवल्यात. मिळाल्या का?”

पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला.

“बघायला लागेल साहेब. सर्व्हरचं काम बघणारा मुलगा आज सुट्टीवर आहे. तुम्ही असं करा ना, व्हॉट्सॲपवर टाका. पण डॉक्युमेंट म्हणून टाका हां, फोटो म्हणून नको.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्कूटरची किल्ली मागितली.